‘श्यामची आई’ : कुमारवयातील स्वत्वशोध आणि त्याचे वाङ्मयीन रूप

१

कुमारवयीन मुलांच्या मनात मूल्यांची जाण कशी उत्पन्न होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शिक्षणशास्त्राच्या वर्गात चर्चिला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाकडे तो क्वचितच येतो. याउलट ‘संस्कारक्षम’ हे विशेषण एखाद्या ग्रंथाला लावण्यात आपण फार उदार असतो, आणि ज्या ग्रंथाला ते एकदा चिकटले त्याची चिकित्सा करण्याचे कारण उरले नाही असे मानून चालतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घराघरांत पोचले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला व राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकाचे चाहते त्याला मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणतात. त्याच्यावर नाराज असलेले वाचक त्याला अश्रूंचे भांडार म्हणतात. दोघांच्याही दृष्टीने ते एक भाव जागवणारे साधन आहे. त्याची रचना कोणत्या प्रकारची आहे, त्या रचनेतून मूल्य वाचकापर्यंत कसे जाते, आणि जाताना वाचकाला विचार करण्यास ते किती मोकळीक ठेवते, हे प्रश्न या दोन्ही मतांत उपस्थितच होत नाहीत.

प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्याचे प्रयोजन केवळ वाङ्मयीन नाही. आजचे पदव्युत्तर विद्यार्थी उद्या शाळा-महाविद्यालयांत मराठी शिकविणार आहेत, आणि तेथे या पुस्तकातील वेचे मूल्यशिक्षणाचे साधन म्हणून त्यांच्या हाती येणार आहेत. एखादा वेचा मुलापुढे ठेवताना आपण त्याला एक मूल्य देतो की एक प्रश्न देतो, हे ज्याला सांगता येत नाही त्याने तो वेचा शिकवू नये, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

आरंभीच परिभाषेविषयी एक खुलासा केला पाहिजे. व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या जाणिवेला आज आपण सर्रास ‘अस्मिता’ म्हणतो. पातंजल योगसूत्रांत मात्र अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक आहे. द्रष्टा आणि दर्शनाचे साधन यांची गल्लत करणारा तो एक मोह आहे. आधुनिक मराठीत या शब्दाला समूहाभिमानाची जी धार आली आहे, तीही आपल्या विषयाला उपकारक नाही. म्हणून येथे ‘स्वत्व’ हा शब्द वापरला आहे. कुमारवयातील मुलगा ‘मी कोणाचा?’ या प्रश्नाकडून ‘मी कोण?’ या प्रश्नाकडे वळतो, त्या वळणाला अनुलक्षून तो योजिला आहे.

२

‘श्यामची आई’ हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या काही दिवसांत मुख्यतः लिहून झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या वेगाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याचे कारण मात्र फारसे कोणी शोधले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली होती आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली होती. बोलला गेलेला शब्द त्याच्या श्वासासह कागदावर उतरविण्याचा हा अभ्यास ताजा होता. ‘श्यामची आई’ची वाक्ये आखूड आहेत, तीत संबोधने वारंवार येतात, एकच क्रियापद निराळ्या कर्त्यांसह पुन्हा पुन्हा फिरते. ही लेखनातली शिथिलता नव्हे. हा श्रोता समोर असलेल्या वक्त्याचा ढंग आहे. त्याच्याही मागे जावयाचे तर १९२४ ते १९३० या काळातील अमळनेरकडे जावे लागते. तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक असताना गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. दररोज, त्याच मुलांसाठी, काल घडलेल्या गोष्टीवर लिहिणे ही ज्याची सवय त्याला तुरुंगात बसून दररोज अनेक ‘रात्री’ लिहिणे अवघड गेले नसावे.

पुस्तकाची विभागणी प्रकरणांत नसून रात्रींत आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमासारख्या एका ठिकाणी काही तरुण दिवसा काम करतात, सायंकाळी प्रार्थना होते, आणि प्रार्थनेनंतर श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. ही चौकट बहुतेक वाचक विसरतात आणि पाठ्यपुस्तके तर ती कापूनच टाकतात. वस्तुतः पुस्तकाचा अर्थ तिच्यावर अवलंबून आहे. कारण या चौकटीमुळे पुस्तकात दोन श्याम निर्माण होतात : एक, ज्याच्यावर घटना घडते तो मुलगा, दुसरा, ती घटना पुष्कळ वर्षांनी आपल्या मित्रांना सांगणारा प्रौढ पुरुष. आई बोलते ती पहिल्याशी. आपण ऐकतो ते दुसऱ्याकडून. या दोघांमधल्या अंतरात पुस्तकाचे सारे नैतिक जीवन साठलेले आहे.

या कथनाचे नाते नारदीय कीर्तनाशी जोडता येते. कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण असते आणि उत्तररंगात त्याला अनुसरून आख्यान असते. श्यामच्या अनेक रात्री अशाच आहेत : आरंभी सामान्य चिंतन, मग आठवण, शेवटी आईच्या बोलण्यातून निघालेले तात्पर्य. परंतु काही रात्री अशाही आहेत की, तेथे हे चिंतन एकदोन वाक्यांत आटोपते किंवा घटनेच्या ओघात विरून जाते. वाचकाने या दोन प्रकारच्या रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जेथे पूर्वरंग लांबतो तेथे आख्यान उदाहरण होऊन बसते. ऐकणाऱ्याला सापडावयाचे ते त्याला आधीच सांगितलेले असते. जेथे पूर्वरंग आखडतो तेथे घटना स्वतःच प्रश्न विचारते. पुस्तकाचे बरेवाईट ठरविण्यास अश्रूंच्या संख्येपेक्षा ही कसोटी अधिक उपयोगी आहे.

३

‘थोर अश्रू’ या रात्रीतील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो. आई लुगड्याचा ओचा दगडावर पसरते, त्यावर पाय ठेवून तो घरात जातो. आणि मग ती त्याला सांगते की, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसेच मनालाही जप. पाठ्यपुस्तकी वाचनात या प्रसंगाचे शीर्षक ‘मनाची शुद्धता’ असे होते व वर्ग पुढे सरकतो. पण प्रसंगाची घडण पाहावी. आई प्रथम हट्ट पुरविते, उपदेश मागाहून करते. ज्या वस्त्रावर मुलाचा पाय पडला ते वस्त्र मळले आहे. मुलाची शुद्धता दुसऱ्याच्या मळण्यातून आली आहे. हे आई बोलून दाखवीत नाही. येथे शब्दांत सांगितलेले मूल्य एक आहे आणि कृतीतून प्रकट झालेले मूल्य दुसरे, अधिक खोल आहे. पहिले मुलाला त्याच दिवशी कळते. दुसरे कळावयास मोठे व्हावे लागते. रात्रीचे नाव ‘थोर उपदेश’ असे नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

‘श्यामचे पोहणे’ ही रात्र याहून कठीण आहे. पाण्याला भिणारा श्याम घरात लपून बसतो आणि एरव्ही मायाळू असलेली आई त्याला मारून बाहेर काढते. तो पोहावयास शिकून परत येतो तेव्हा तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते व आपण का मारले ते सांगते : आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होणारे नाही. आजच्या शिक्षणविचाराला मुलाला मारणे मान्य नाही आणि ते योग्यच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाईच केली आहे. म्हणून हा वेचा वर्गात शिकविताना शिक्षक एक तर मार सौम्य करून सांगतो, नाही तर त्याचे समर्थन करतो. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. या रात्रीचा गाभा मारात नसून नंतरच्या खुलाशात आहे. सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने आपल्या कृतीचे कारण ज्याच्यावर ती चालली त्याला दिले पाहिजे, हे तत्त्व येथे एका खेड्यातील घरात, त्या काळच्या सर्व मर्यादांसह, व्यक्त झाले आहे. कुमारवयातील मुलाला वडिलांच्या आज्ञेपेक्षा त्या आज्ञेमागचे कारण अधिक हवे असते. आई मारते तेव्हा श्याम लहान मूल असतो. ती कारण सांगते तेव्हा त्याला मोठा माणूस म्हणून वागविते. मात्र तिने दिलेले कारण लोकनिंदेचे आहे, धैर्याचे नाही, याचीही नोंद समीक्षकाने घेतली पाहिजे. ‘लोक काय म्हणतील’ या पायावर उभे राहिलेले धैर्य किती दिवस टिकेल, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही. वर्गाने तो विचारावा.

तिसरे उदाहरण ‘अळणी भाजी’चे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील तक्रार न करता जेवतात. ते पाहून मुलेही काही बोलत नाहीत. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते. या रात्रीत उपदेशक कोणीच नाही. मुलांनी एक मोठा माणूस काय करतो एवढेच पाहिले व तसे केले. पण आईचे दुःख पाहिल्यावर एक पेच उभा राहतो : न बोलण्यात संयम आहे हे खरे, परंतु न बोलल्यामुळे तिला आपण सर्वांना अळणी जेवू घातले ही रुखरुख लागली, हेही खरे. दुसऱ्याला न दुखविणे आणि दुसऱ्याला खरे सांगणे या दोन चांगल्या गोष्टी येथे एकमेकींसमोर येतात. वाङ्मय मूल्यशिक्षणाला जे देऊ शकते व परिपाठातील सुविचार जे देऊ शकत नाही, ते हेच आहे. चांगले आणि वाईट यांतील निवड मुलाला फारशी शिकवावी लागत नाही. दोन चांगल्या गोष्टींतील निवड शिकावी लागते, आणि ती नियमाने येत नाही.

४

कुमारवयाचे खरे संकट ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्रीत येते. शीर्षकातच सारा विरोध साठविला आहे. पुस्तकांच्या ओढीने, म्हणजे एका उत्तम हेतूने, मुलगा चोरी करतो. या वयातील मुलाचे अपराध पुष्कळदा अशाच जातीचे असतात. हेतूची उंची पाहून तो साधनाकडे डोळेझाक करतो. येथे महात्मा गांधींच्या आत्मकथेतील चोरीचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. पंधराव्या वर्षी, भावाचे कर्ज फेडण्यासाठी, त्याच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा काढून घेतल्यावर मोहनदासांनी वडिलांना कबुलीची चिठ्ठी लिहून दिली. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू आले, आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली ही आत्मकथा साने गुरुजींच्या पिढीच्या मनात घर करून होती.

दोन्ही प्रसंगांत अश्रू आहेत, शिक्षा नाही. पण साम्य येथेच संपते. गांधींच्या प्रसंगात कबुलीची प्रेरणा आतून येते आणि ती लेखनाचे रूप घेते. मुलगा वडिलांपुढे बोलू शकत नाही, म्हणून लिहितो. वडील शब्दही न उच्चारता त्याला क्षमा करतात. मुलाचे स्वत्व या मौनात सुरक्षित राहते. त्याने काय शिकावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. श्यामच्या प्रसंगात आई मध्यस्थ आहे. अपराधाचे स्वरूप, त्याचे दुःख आणि त्यातून निघणारा बोध या तिन्ही गोष्टी तिच्या द्वारे मुलापर्यंत येतात. म्हणून श्यामची सदसद्विवेकबुद्धी आईच्या आवाजात बोलू लागते. ही गोष्ट कोमल आहे, तशीच ती धोक्याचीही आहे. ज्याचा विवेक दुसऱ्याच्या आवाजात बोलतो त्याला तो आवाज थांबल्यावर काय करावे हे शिकावे लागते. न शिकल्यास अपराधाच्या जाणिवेचे रूपांतर आयुष्यभराच्या आत्मताडनात होते. पुस्तकात अश्रू फार आहेत या आक्षेपात तथ्य असेल तर ते येथे आहे. कढ येणे हा दोष नव्हे. प्रत्येक कढाचा शेवट आपण आईला कमी पडलो या एकाच निष्कर्षात होणे, हा दोष आहे.

५

आता धर्मभावनेचा प्रश्न. श्यामचे घर व्रतवैकल्ये, सोवळेओवळे, सोमवती अवस, पुराणकथा यांत वाढलेले आहे. अशा घरातील मुलाला आध्यात्मिक स्वत्व जन्मतःच मिळते असे समजण्याचा मोह होतो. ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र त्या समजुतीला छेद देते. महार समाजातील एका वृद्ध स्त्रीला तिची मोळी उचलून देण्यास कोणी पुढे येत नाही. आई श्यामला ती उचलून देण्यास सांगते, आणि नंतर स्नान करावयासही सांगते. या दोन आज्ञा एका श्वासात येतात. पहिली आज्ञा रूढी मोडते, दुसरी ती शाबूत ठेवते.

चाहते पहिली आज्ञा सांगतात, टीकाकार दुसरी. रात्रीचा अर्थ दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय लागत नाही. आईला परंपरेच्या आत राहून करुणेला जागा करावयाची होती. स्नान ही तिने परंपरेला दिलेली किंमत होती. ही तडजोड तिच्यापुरती पुरेशी होती. मुलाला मात्र ती तशीच वारशाने घेता येत नव्हती, कारण त्याने दोन्ही आज्ञा ऐकल्या होत्या आणि त्यांतील विसंगती त्याच्या वाट्याला आली होती. माणूस देवाला प्रिय असेल तर स्नान कशासाठी? हा प्रश्न आई विचारीत नाही. शीर्षकच तो विचारते. १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आरंभिलेले उपोषण यशस्वी होऊन संपले. चरित्रावरून ग्रंथाचा अर्थ लावणे शास्त्रशुद्ध नाही, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, पहिल्या आज्ञेने दुसरीवर मिळविलेला तो विजय होता. आईने दिलेल्या धर्मापैकी काय ठेवावे व काय टाकावे याचा निर्णय मुलाने घेतला, आणि तो आईशी द्रोह करून नव्हे, तर तिच्याच एका वाक्याला तिच्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध प्रमाण मानून घेतला.

तथापि या रात्रीत एक माणूस बोलत नाही. मोळीवाली स्त्री करुणेचा विषय आहे. तिचे मन, तिच्या घरातील मुलाचे मन, पुस्तकात येत नाही. त्या बाजूने पाहावयाचे तर १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवार यांच्या ‘बलुतं’कडे जावे लागते. तेथे वाढत्या वयाच्या मुलापुढे ‘कोणाला स्पर्श करावा’ हा प्रश्न नसून ‘माझा स्पर्श असा का मानला गेला’ हा आहे. मूल्यशोधाचा आरंभबिंदूच निराळा असल्याने त्या शोधाचे रूपही निराळे होते. तेथे कृतज्ञतेच्या जागी संताप, लाज आणि आत्मपरीक्षण येतात. एकाच वर्गात श्यामच्या आणि ‘बलुतं’मधील मुलाच्या वारसांना शेजारी बसून शिकावयाचे आहे. या रात्रीचे अध्यापन ‘बलुतं’च्या शेजारी केले तरच ते पूर्ण होईल.

६

मानसशास्त्रातील परिभाषेने हा विचार थोडा नेमका करता येईल. एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात कुमारवयाचे मुख्य कार्य म्हणून स्वत्वाच्या घडणीचा निर्देश केला आणि या वयाला समाजाने एक प्रकारची सवलतीची मुदत दिली पाहिजे, असे पुढे प्रतिपादिले. त्या मुदतीत मुलगा भूमिका घेऊन पाहतो, टाकतो, पुन्हा घेतो. जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली या कल्पनेची चार स्थितींत मांडणी केली : शोधही नाही व निष्ठाही नाही ती विखुरलेली स्थिती, शोध न करताच वडीलधाऱ्यांची निष्ठा पत्करलेली पूर्वनिश्चित स्थिती, शोध चालू असलेली अनिश्चित स्थिती, आणि शोधातून निष्ठेपर्यंत आलेली सिद्ध स्थिती.

श्याम यांपैकी कोठे बसतो? वरवर पाहता उत्तर सोपे आहे : तो पूर्वनिश्चित आहे. आईने दिले ते त्याने घेतले. पुस्तकावरील सर्वांत गंभीर आक्षेपही हाच ठरेल, कारण ज्या पुस्तकात शोधच नाही ते शोध करणाऱ्या वयाला काय देणार? परंतु चौकट लक्षात घेतली की उत्तर बदलते. घटनेतील मुलगा पूर्वनिश्चित स्थितीत आहे. सांगणारा पुरुष त्या निष्ठा पुन्हा तपाशीत आहे. गुरुजींच्या आईचे निधन १९१७ साली झाले. पुस्तक १९३३ साली लिहिले गेले. मधल्या सोळा वर्षांत पुणे येथील शिक्षण, अमळनेरच्या तत्त्वज्ञानमंदिरातील अध्ययन, शिक्षकी, सत्याग्रह व तुरुंगवास एवढे सारे घडले होते. एवढे पाहून परतलेला माणूस आईकडे वळतो, तेव्हा ते वळणे बालपणीच्या आज्ञापालनासारखे असू शकत नाही. पुस्तकात आईच्या अंत्यक्षणी श्याम तिच्याजवळ नाही. तो पोचतो तेव्हा चिता विझलेली आहे. ‘भस्ममय मूर्ती’ या शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो. निरोप न झालेल्या आवाजाशी बोलणे पुरे करावयाचे असेल तर ते सांगूनच पुरे करावे लागते. बेचाळीस रात्री सांगणे हीच श्यामची शोधाची मुदत आहे. ती कुमारवयात न मिळता उशिरा, तुरुंगात, मिळाली.

दोष आहे तो असा की, हा शोध पुस्तकाच्या रचनेत आहे, कथानकात नाही. कुमारवयातील वाचकाला रचना दिसत नाही. त्याला मुलगा दिसतो, आणि तो मुलगा आईशी कधी वाद घालीत नाही. त्याला देवाविषयी शंका येत नाही, शरीरात होणारे बदल त्याला अस्वस्थ करीत नाहीत, मुलींविषयी त्याला कुतूहल नाही. गुरुजींनी श्यामची पुढची हकीकत ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ या पुस्तकांत सांगितली. पण वाचकांनी श्यामला आईपाशीच ठेवले. समाजाला मुलगा आज्ञाधारक असतानाच प्रिय असतो, धडपडू लागल्यावर त्याच्याविषयीचा जिव्हाळा कमी होतो, असा याचा अर्थ काढला तर तो अगदीच अन्यायाचा ठरणार नाही.

मराठी कादंबरीने पुढे ही उणीव आपल्या परीने भरून काढली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर वडिलांनी दिलेले काहीही विनातक्रार घेत नाही, तो सर्व मूल्यांची टर उडवितो, आणि लहान बहिणीच्या मृत्यूने त्याची ती टरही थांबते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीचा मुलगा, मुकुंद, घरच्यांना न सांगता येणाऱ्या गोष्टी नरूमामाशी बोलतो. या तिन्ही पुस्तकांत वडीलधाऱ्या माणसाचे स्थान पाहण्याजोगे आहे. श्यामची आई सांगते. पांडुरंगाचे वडील आणि पांडुरंग एकमेकांना ऐकू जात नाहीत. नरूमामा ऐकून घेतो. कुमारवयीन मुलाच्या मूल्यशोधाला साहाय्य करू इच्छिणाऱ्याने या तीन चित्रांची तुलना करावी. सांगणाऱ्याशिवाय मुलाकडे शोधण्यासारखे काही उरत नाही. ऐकून घेणाऱ्याशिवाय शोध मनातच कुजतो. पांडुरंगाच्या वाट्याला या दोहोंपैकी एकही आले नाही, आणि त्याची तुच्छता ही वस्तुतः एकाकीपणाची भाषा आहे.

७

महाराष्ट्रातील शाळांच्या मूल्यशिक्षणात मूल्यांची एक यादी रूढ आहे : राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्रीपुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. यादीतील एकही मूल्य आक्षेपार्ह नाही. तरीही यादी हे मूल्यांचे रूप नव्हे. ती त्यांची नामावळी आहे. ‘पत्रावळ’ या रात्रीवर ‘श्रमप्रतिष्ठा’ अशी चिठ्ठी लावली की, पत्रावळ लावावयास टाळाटाळ करणाऱ्या मुलाला आपल्या आळसाची लाज वाटणे, ती अक्काकडून शिकून घेणे, आणि आपल्या हाताने लावलेल्या पानावर जेवण्याचा आनंद, हे सारे त्या चिठ्ठीखाली झाकले जाते. मुलाच्या लक्षात चिठ्ठी राहते, कारण परीक्षेत तीच विचारली जाते.

वर्गात याला पर्याय कोणता? या पुस्तकापुरते उत्तर त्याच्या चौकटीतच आहे. रात्र संपते तेव्हा ऐकणारे मित्र आपापल्या मनाशी काही घेऊन उठतात. त्यांची परीक्षा कोणी घेत नाही. शिक्षकाने वेचा चौकटीसह वाचावा; तात्पर्य येण्यापूर्वी थांबावे; आणि त्या जागी आईने काय म्हटले असेल, वडिलांनी काय म्हटले असते, मोळीवाली काय म्हणाली असती, हे मुलांना ठरवू द्यावे. मग पुस्तकातील तात्पर्य वाचावे. आपले उत्तर आणि आईचे उत्तर यांत अंतर पडले तर ते अंतर चुकीचे मानू नये. तेथे चर्चेला आरंभ होतो. श्रद्धेच्या प्रश्नांत ही पद्धती अधिकच आवश्यक आहे, कारण एका वर्गात अनेक घरांचे देव आणि काही घरांचे देव नसणे एकत्र बसलेले असते. शिक्षकाने कोणाला श्रद्धा देऊ नये, कोणाची काढून घेऊ नये. मुलाला आपल्या घरी मिळालेल्या गोष्टींतील विसंगती पाहण्याइतके धैर्य आणि तरीही घराविषयी ममत्व राखण्याइतकी समजूत द्यावी. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीने प्रौढ श्यामला या दोन्ही गोष्टी दिल्या होत्या.

अशा अध्यापनाने ‘श्यामची आई’चे महत्त्व कमी होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या ग्रंथाला प्रश्न विचारता येत नाहीत तो पूजेच्या कोनाड्यात जातो, आणि कोनाड्यातील ग्रंथ कुमारवयीन मुलगा वाचीत नाही. पुस्तकाचे बळ आईच्या थोरवीत आहे हे खरेच. पण मुलाने ती थोरवी स्वतः सांगून, तिच्यातील गाठी उकलून, आपली करून घेतली यात ते अधिक आहे. त्याच्या हाती हे पुस्तक देताना आईचे शब्द पाठ कर असे सांगण्याऐवजी, तुझ्या घरी तुला ज्या दोन आज्ञा एका श्वासात मिळाल्या त्या कोणत्या, असे विचारता आले पाहिजे. त्याचे उत्तर तो लगेच देणार नाही. पुष्कळ वेळा ते शाळा सुटल्यानंतर अनेक वर्षांनी मिळते. तोवर प्रश्न त्याच्याजवळ राहावा, एवढीच अध्यापकाची जबाबदारी आहे.